लिबरल आर्ट्स कॉलेज निवडताना: आधी स्वतःची शिकण्याची रीत ओळखा

अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांची माहिती गोळा करायला बसलं की सुरुवातीला सगळी कॉलेजं एकाच साच्यातली वाटतात. विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, कार्लटन, ग्रिनेल, बोडिन... सगळीकडे छोटे वर्ग, जीव लावणारे प्राध्यापक आणि हिरवागार परिसर. मग माणूस साहजिकच रँकिंगकडे वळतो आणि पहिली दहा नावं उतरवून घेतो. माझा आग्रह असा की हे काम उलट्या बाजूने करावं. या कॉलेजांमधला खरा फरक दर्जापेक्षा रोजच्या शिकण्याच्या पद्धतीत आहे. फेब्रुवारीतल्या एखाद्या साध्या बुधवारी तिथला विद्यार्थी दिवसभर काय करतो, हे कळलं की ते कॉलेज आपल्याला मानवेल की नाही याचा बराचसा अंदाज येतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या तो बुधवार शोधण्यासाठी आहेत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडी ओळख. लिबरल आर्ट्स म्हणजे एकाच व्यवसायाचं प्रशिक्षण न देता विज्ञानापासून साहित्यापर्यंत अनेक विषयांची रुंद ओळख करून देणारं पदवीचं शिक्षण. ही बहुतेक चार वर्षांची निवासी कॉलेजं असतात आणि विद्यार्थी साधारण एक ते तीन हजार. पीएचडीचे विद्यार्थी जवळपास नसतातच, त्यामुळे पहिल्या वर्षापासून प्राध्यापक स्वतः शिकवतात आणि प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून पदवीच्याच मुलांना घेतात. मुख्य विषय बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचा असतो. भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र हे सगळं इथे शिकता येतं. इंटेलच्या संस्थापकांपैकी एक रॉबर्ट नॉइस 1949 साली ग्रिनेलमधून भौतिकशास्त्र आणि गणित शिकून बाहेर पडले. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान हे 1961 सालचे मॅकॅलेस्टरचे पदवीधर.

हा मार्ग सगळ्यांसाठी नाही, हेही आधीच सांगते. ज्याला आर्किटेक्चर किंवा नर्सिंगच करायचंय, ज्याला पहिल्या दिवसापासून मोठ्या संशोधन केंद्रात वावरायचंय, किंवा ज्याला चाळीस हजारांच्या गर्दीत कुणी ओळखत नाही याचंच सुख वाटतं, त्याने मोठं विद्यापीठ बघावं. छोट्या कॉलेजात तुम्ही वर्गाला दांडी मारलीत तर ते प्राध्यापकांना त्याच दिवशी कळतं, आणि जेवणाच्या टेबलावर ते समोरही भेटतात.

पायरी 1: स्वतःबद्दल एक पान लिहा

कॉलेजांची नावं बाजूला ठेवा आणि कागद घ्या. आवडते विषय नंतर लिहा, आधी शिकण्याची सवय लिहा. विचार तुम्हाला बोलता बोलता सुचतात की एकट्याने लिहिताना? एकाच विषयात आठवडाभर बुडून राहिलात तर मजा येते की तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो? काय शिकायचं हे कुणी आखून दिलेलं बरं वाटतं की त्याचाच जाच होतो? गुण कळले नाहीत तर मोकळं वाटेल की बेचैन व्हाल? चुरस असली की हुरूप येतो की आपण आक्रसून जातो?

उत्तरांना पुरावा जोडा. 'मला चर्चा आवडते' एवढं लिहून थांबू नका. गेल्या वर्षात कुठली चर्चा तास संपल्यावरही डोक्यात घोळत राहिली ते आठवा. मग तुम्हाला जवळून ओळखणाऱ्या एका शिक्षकाला आणि घरातल्या एका मोठ्या माणसाला हेच प्रश्न तुमच्याबद्दल विचारा. त्यांची उत्तरं तुमच्यापेक्षा वेगळी निघाली, तर तिथे जरा थांबून विचार करा.

लाजाळू मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. अबोल मूल चर्चेच्या वर्गात मागे पडेल, ही भीती बऱ्याचदा निराधार असते. चारशे जणांत कधीच हात वर न करणारी मुलगी दहा जणांच्या टेबलाभोवती बोलायला लागते, कारण तिथे कुणीतरी तिची वाट बघत असतं. मात्र चर्चा कशी चालते यावर बरंच अवलंबून असतं. एकमेकांना तोडून बोलणाऱ्या वर्गात तीच मुलगी पुन्हा गप्प होईल. म्हणून वर्गाच्या आकड्यावर विसंबू नका, एखादा वर्ग प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन बघायला मिळतो का ते विचारा.

पायरी 2: कॉलेज चालतं कसं ते बघा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

सुरुवात सक्तीच्या विषयांपासून करू. एका टोकाला ॲमहर्स्ट आणि ग्रिनेल. पहिल्या वर्षाचा एक सेमिनार (छोट्या गटातला चर्चेचा वर्ग) आणि तुमच्या मुख्य विषयाच्या अटी सोडल्या, तर बाकी काय घ्यायचं ते तुम्ही आणि तुमचे सल्लागार प्राध्यापक मिळून ठरवता. दुसऱ्या टोकाला सेंट जॉन्स कॉलेज, ज्याची मेरीलँडमधल्या ॲनापोलिसला आणि न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला अशी दोन आवारं आहेत. तिथे 1937 पासून सगळ्यांना एकच अभ्यासक्रम आहे. मुख्य विषय निवडायचाच नाही. युक्लिडची भूमिती, प्लेटो, न्यूटन हे मूळ ग्रंथांतून वाचायचं आणि टेबलाभोवती बसून त्यावर बोलायचं. बाकीची बहुतेक कॉलेजं या दोन टोकांच्या मधे आहेत: थोडं विज्ञान, थोडं मानव्य, एक परकी भाषा, लेखनाचे काही वर्ग. ज्याला स्वातंत्र्य मिळालं की सोपेच विषय निवडायची सवय आहे, त्याला पूर्ण मोकळीक घातक ठरू शकते. उलट ज्याची आवड आधीपासून रुंद आहे, त्याला सक्तीची गरजच नसते.

मग वेळापत्रक. हा भाग जवळजवळ सगळे अर्जदार वगळतात, आणि स्वभावाशी सगळ्यात थेट संबंध याचाच आहे. कोलोरॅडो कॉलेजात 1970 पासून एका वेळी एकच विषय शिकवतात. साडेतीन आठवडे फक्त भूगर्भशास्त्र, मग थोडी सुट्टी, मग पुढचा विषय. भूगर्भशास्त्राचा वर्ग दिवसच्या दिवस डोंगरात घालवू शकतो, कारण त्या मुलांना दुसरा वर्गच नसतो. आयोवातल्या कॉर्नेल कॉलेजातही हीच पद्धत आहे. (न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्नेल विद्यापीठ वेगळं, गल्लत करू नका.) बुडून काम करणाऱ्यांना हे फार मानवतं. पण चार दिवस आजारी पडलात तर विषयाचा मोठा तुकडा हातून जातो, आणि नवी भाषा किंवा अवघड गणित सावकाश मुरू द्यावं लागणाऱ्यांची दमछाक होते. मिनेसोटातल्या कार्लटनमध्ये दहा-दहा आठवड्यांची तीन सत्रं आणि प्रत्येकात साधारण तीन विषय असतात. तिथे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच परीक्षा दारात येते. विल्यम्स आणि मिडलबरीत दोन नेहमीच्या सत्रांमधला जानेवारी एकाच विषयाला दिलेला असतो.

शिकवण्याची पद्धतही सगळीकडे सारखी नाही. विल्यम्समध्ये ट्युटोरियल नावाचा प्रकार आहे: दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक दर आठवड्याला भेटतात, एक जण आपला निबंध वाचतो आणि दुसरा त्यावर टीका करतो. लपायला जागा नाही, पण लिहून विचार करणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगली व्यवस्था मला माहीत नाही. सारा लॉरेन्समध्ये सेमिनारबरोबर प्राध्यापकांशी नियमित एकास-एक भेटी असतात आणि त्यांतून विद्यार्थी स्वतःचा प्रकल्प उभा करतो. स्वार्थमोरच्या ऑनर्स कार्यक्रमात शेवटच्या वर्षी बाहेरच्या संस्थांमधले तज्ज्ञ येऊन लेखी आणि तोंडी परीक्षा घेतात. त्यामुळे शिकवणारे प्राध्यापक परीक्षक राहत नाहीत, ते तुमच्या बाजूला उभे असतात.

गुणांचं काय? स्वार्थमोरमध्ये पहिल्या सत्राला श्रेणी नोंदवत नाहीत, फक्त उत्तीर्ण झालात की नाही एवढंच. ओरेगनमधल्या रीडमध्ये श्रेणी नोंदवतात, पण काम समाधानकारक असेल तर ती आपणहून कळवत नाहीत. निबंधावर मिळतात ते सविस्तर शेरे. ऐकायला हे मोहक वाटतं. प्रत्यक्षात, आपण कुठे उभे आहोत हे कळल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, त्याला ते अवघड जातं. आणि रीड अभ्यासाला अजिबात सोपं नाही. चौथ्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. ओहायोतल्या वूस्टरमध्येही प्रत्येक विद्यार्थी शेवटच्या वर्षी प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली स्वतंत्र संशोधन करतो. वर्षभर एकाच प्रश्नामागे लागणं तुम्हाला हवंहवंसं वाटतं का, हे पायरी 1 च्या पानावर परत जाऊन बघा.

पायरी 3: तुमचा विषय तिथे किती खोल आहे ते मोजा

छोट्या कॉलेजाची खरी मर्यादा इथे दिसते. एखाद्या विभागात चारच प्राध्यापक असतील आणि त्यांतले एक रजेवर गेले, तर वर्षभर त्यांचा विषय बंद राहू शकतो. म्हणून विषयांची छापील यादी बघून हुरळून जाऊ नका. बहुतेक कॉलेजं प्रत्येक सत्रात खरोखर चाललेल्या वर्गांचं वेळापत्रक ऑनलाइन ठेवतात. मागच्या दोन वर्षांची वेळापत्रकं उघडा आणि तुम्हाला हव्या त्या विभागात वरच्या पातळीचे किती वर्ग प्रत्यक्ष भरले ते मोजा. विशेषतः संगणकशास्त्रात वर्ग भरून जातात आणि मुलांना प्रतीक्षा यादीत राहावं लागतं, तेव्हा हे नक्की विचारा.

शेजारच्या कॉलेजांशी करार असेल तर ही मर्यादा बरीच सैल होते. कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँटला पोमोना, क्लेअरमाँट मॅकेना, स्क्रिप्स, हार्वी मड आणि पिट्झर ही पाच कॉलेजं एकमेकांना लागून आहेत. एकीकडून दुसरीकडे चालत वर्गाला जाता येतं. हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर इतकी जवळची आहेत की एका कॉलेजचा विद्यार्थी दुसऱ्या कॉलेजात मुख्य विषयसुद्धा घेऊ शकतो. वेलस्लीच्या मुलींना एमआयटीत वर्ग घेता येतात. ॲमहर्स्ट, स्मिथ आणि माउंट होलिओकचा मॅसॅच्युसेट्स राज्य विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेशी करार आहे. फक्त बसला किती वेळ लागतो आणि मुलं खरोखर जातात का, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा. कागदावरचा करार आणि जानेवारीच्या बर्फातली बस यांत बरंच अंतर असतं.

इंजिनिअरिंग हवं असेल तर स्वार्थमोर, स्मिथ आणि हार्वी मड इथे ते कॉलेजातच आहे. इतर अनेक कॉलेजांत तीन अधिक दोन वर्षांची योजना असते: तीन वर्षं इथे, पुढची दोन एखाद्या इंजिनिअरिंग शाळेत. कल्पना चांगली आहे, पण तिसऱ्या वर्षानंतर मित्रांना सोडून जायला बहुतेकांचं मन होत नाही, आणि पाचव्या वर्षाचा खर्च वेगळा. संगीतात खोल जायचं असेल तर ओबरलिनमध्ये कॉलेज आणि संगीतशाळा एकाच आवारात आहेत आणि पाच वर्षांत दोन्ही पदव्या घेता येतात. भाषांसाठी मिडलबरीचं नाव आहे.

पायरी 4: गाव, माणसं आणि लांबलचक हिवाळा

मॅकॅलेस्टर सेंट पॉल शहरात आहे. ग्रिनेल आयोवातल्या शेतांच्या मधोमध, साधारण नऊ हजार वस्तीच्या गावात. केनियन तर खेड्यातच. लहान गावात करमणूक कॉलेजच्या आवारातच घडते, त्यामुळे मैत्री घट्ट होते, आणि कुणाशी बिनसलं तर तोंड लपवायलाही जागा नसते. शहरात इंटर्नशिप जवळ, पण शनिवारी आवार ओस पडतं. दोन्हींत बरंवाईट आहे. तुम्हाला कुठलं वाईट सोसवेल ते ठरवा.

सामाजिक वातावरणाच्या काही खुणा सहज तपासता येतात. विल्यम्स, ॲमहर्स्ट, बोडिनसारख्या कॉलेजांत साधारण तीनांतला एक विद्यार्थी कॉलेजच्या संघातून खेळतो, त्याचा परिणाम जेवणाच्या टेबलांपर्यंत दिसतो. काही कॉलेजांत फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींचं, म्हणजे निवडक सदस्य घेणाऱ्या मुलांच्या आणि मुलींच्या मंडळांचं, प्रस्थ असतं, तर रीड आणि ओबरलिनमध्ये त्या नाहीतच. हॅवरफर्डमध्ये सन्मानसंहिता, म्हणजे प्रामाणिकपणे वागण्याचे विद्यार्थ्यांनीच पाळायचे नियम, इतकी मुरलेली आहे की सत्रअखेरच्या परीक्षांची वेळ विद्यार्थी स्वतः ठरवतात आणि खोलीत पर्यवेक्षक नसतो. स्मिथ, वेलस्ली, ब्रिन मॉर, माउंट होलिओक ही महिला कॉलेजं आहेत. त्या यादीवर न बघता फुली मारणाऱ्या मुलींना मी कळकळीने सांगेन की एकदा तिथल्या विद्यार्थिनींशी बोला, मग ठरवा. अटलांटातली मोअरहाउस आणि स्पेलमन ही कृष्णवर्णीय समाजाच्या शिक्षणासाठी उभी राहिलेली, स्वतःची मोठी परंपरा असलेली कॉलेजं. मार्टिन ल्यूथर किंग मोअरहाउसचे 1948 सालचे पदवीधर.

दुसऱ्या देशातून जाणाऱ्यांनी एक साधा प्रश्न विसरू नये: सुट्टीत वसतिगृह उघडं असतं का? काही ठिकाणी हिवाळ्यात खोल्या बंद होतात आणि नातेवाईक जवळ नसलेल्या मुलांची पंचाईत होते.

पायरी 5: पैशाचं गणित अर्जाच्या आधी मांडा

नावाजलेल्या खासगी कॉलेजांचा शिक्षण, निवास आणि जेवण धरून वर्षाचा छापील खर्च आता 80,000 ते 90,000 डॉलरच्या घरात किंवा त्याच्याही पुढे गेला आहे. तो आकडा बघून घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका, कारण अनेक कुटुंबं तो पूर्ण भरत नाहीत, पण बरीच भरतातही.

दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. प्रवेशाचा निर्णय घेताना कॉलेज तुमची आर्थिक गरज बघतं का, हा एक प्रश्न. प्रवेश दिल्यावर ती गरज पूर्ण भागवतं का, हा दुसरा. परदेशी अर्जदारांच्या बाबतीत ॲमहर्स्ट आणि बोडिनसारखी मोजकीच कॉलेजं गरज न बघता निर्णय घेतात आणि गरज पूर्णही भागवतात. बाकी बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली की स्पर्धा कठीण होते. म्हणून काही जण पहिल्या वर्षी मदत मागत नाहीत, पुढे बघू म्हणतात. तसं करू नका. अनेक कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याला नंतर मदत मागताच येत नाही.

गुणवत्तेवरची शिष्यवृत्ती हवी असेल तर विल्यम्स आणि ॲमहर्स्टकडे ती मिळणार नाही, तिथे मदत फक्त गरजेवर आहे. ओबरलिन, ग्रिनेल, वूस्टर यांच्याकडे गुणवत्तेवरही मिळते. केंटकीतल्या बेरियाची तऱ्हाच निराळी: शिक्षण शुल्क घेतलं जात नाही आणि प्रत्येक विद्यार्थी आठवड्याला किमान दहा तास कॉलेजच्या कामात हातभार लावतो. परदेशी मुलांना तिथे जागा थोड्या आहेत, पण मर्यादित उत्पन्नाच्या घरातल्या आणि कामाची लाज नसलेल्या मुलाने ती नक्की बघावी.

कॉलेजांच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचा अंदाज देणारं गणकयंत्र असतं. ते अमेरिकन कुटुंबांना डोळ्यासमोर ठेवून बनवलेलं असतं, तेव्हा परदेशातून अर्ज करणाऱ्यांनी कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला ईमेल करून थेट विचारावं. पदवीनंतर अमेरिकेत काम करायचा विचार असेल तर आणखी एक बारकावा: सध्याच्या नियमांनुसार एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर 12 महिने विषयाशी संबंधित काम करता येतं, आणि विज्ञान-तंत्रज्ञान गटातल्या विषयांना आणखी 24 महिने मिळतात. अर्थशास्त्र काही कॉलेजांत त्या गटात नोंदवलेलं आहे, काहींत नाही. विषय कुठल्या गटात नोंदवला आहे ते दाखवणारा सांकेतिक क्रमांक आधीच विचारून ठेवा.

पायरी 6: माहितीपत्रकाच्या पलीकडे जाऊन पडताळा

'कॉमन डेटा सेट' आणि कॉलेजचं नाव टाकून शोधलं की बहुतेक कॉलेजांचा एक लांबलचक तक्ता सापडतो. त्यात पहिल्या वर्षानंतर किती विद्यार्थी टिकले, वर्ग प्रत्यक्षात किती मोठे आहेत, परदेशी विद्यार्थ्यांना एकूण किती मदत दिली, प्रवेशात कशाला किती महत्त्व आहे, हे सगळं असतं. 'एका प्राध्यापकामागे नऊ विद्यार्थी' यापेक्षा वर्गांच्या आकाराचा तक्ता कितीतरी जास्त सांगतो.

त्यानंतर विद्यार्थ्यांचं साप्ताहिक वाचा. विल्यम्सचं रेकॉर्ड, स्वार्थमोरचं फिनिक्स, ओबरलिनचं रिव्ह्यू, ग्रिनेलचं स्कार्लेट अँड ब्लॅक. मागच्या वर्षाचे अंक चाळा. मुलं कशावर भांडतायत, प्रशासनाकडे कसली तक्रार करतायत, कुठल्या व्याख्यानाला गर्दी झाली हे वाचताना तुम्हाला त्या वादात पडावंसं वाटलं, तर ती चांगली खूण समजा.

विद्यार्थ्यांशी बोलायला मिळालं तर 'तुला इथे आवडतं का' असं विचारू नका. गेल्या बुधवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलंस, असं विचारा. शेवटचं एकट्याने जेवलास ते कधी? कुठल्या प्रकारचं मूल इथून सोडून जातं? या शेवटच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणारा भेटला तर त्याचे मनापासून आभार माना.

पायरी 7: यादी, अर्ज आणि निर्णय

आठ-दहा कॉलेजं पुरेत. त्यांत दोन-तीन अशी हवीत जिथे प्रवेश आणि पैसा दोन्ही शक्य कोटीतले आहेत आणि जिथे तुम्ही आनंदाने जाल. नाइलाजाने घातलेलं नाव यादीत ठेवू नका.

अर्ली डिसिजनची, म्हणजे एकाच पसंतीच्या कॉलेजला लवकर करायच्या अर्जाची, मुदत बहुधा 1 ते 15 नोव्हेंबरच्या दरम्यान असते, आणि प्रवेश मिळाला की जाणं बंधनकारक असतं. मन पक्कं असेल आणि खर्चाचा अंदाज हातात असेल तरच हा मार्ग घ्या. मदतीच्या रकमा शेजारी ठेवून बघायची गरज असेल तर नेहमीच्या फेरीत, म्हणजे साधारण जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज करा. 'आमचंच कॉलेज का' या निबंधासाठी वेगळी तयारी लागत नाही. पायरी 2 आणि 3 ची टिपणं काढा, त्यात सगळं आलेलं असतं.

निकाल मार्चअखेर येतात आणि बहुतेक ठिकाणी 1 मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं. दोन कॉलेजांमध्ये मन अडकलं तर दोन्हीकडचं शेवटच्या सत्राचं वेळापत्रक समोर घ्या आणि आठवडा आखून बघा: कुठले वर्ग, किती वाजता, मधल्या वेळात कुठे बसाल, संध्याकाळी कशाला जाल. मदतीची रक्कम कमी पडत असेल तर मुदतीच्या निदान दोन आठवडे आधी मदत कार्यालयाला सविस्तर पत्र लिहा, घरची परिस्थिती बदलली असेल तर कागदपत्रं जोडा आणि दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर ते पत्रही सोबत पाठवा. उत्तर येईपर्यंत कुठेही प्रवेश पक्का करण्याची अनामत भरू नका.